हळदीचा डाग

मराठी भाषेत 'डाग' हा शब्द मोठा बहुरूपी आहे. आगगाडीने निघालेला गृहस्थ हमालास 'डाग मोजून घे' म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात ट्रंका आणि वळकट्या असतात. घरातील वडीलधारी बाई 'अंगावरचे डाग उतरवून ठेव' असे सुनेस सांगते, तेव्हा ती पाटल्या-बांगड्यांविषयी बोलत असते. तांबट फुटक्या भांड्यास डाग देतो, तो ते भांडे पुन्हा उपयोगी पडावे म्हणून. सामान, दागिना, सांधा आणि कलंक या चारही गोष्टी ज्या भाषेने एकाच शब्दात बसविल्या, ती बोलणाऱ्यांस डागाकडे थोड्या शांतपणे पाहता यावयास हवे होते. परंतु रेशमी वस्त्रावर डाग पडला की घरातून प्रथम नाहीसा होतो तो शांतपणाच, असा आमचा अनुभव आहे. त्याच अनुभवाची हकीकत आज वाचकांपुढे ठेवावयाची आहे. ती सांगताना आमची स्वतःची बाजू फारशी उजळ दिसणार नाही, हे आरंभीच कबूल करून टाकतो.

आमच्या घरी एक पैठणी आहे. मोतिया अंगाची, जांभळ्या नारळी काठाची, आणि पदरावर जरीच्या भूमीत आसावलीच्या वेली विणलेली. पैठणीची थोरवी अशी की, ती उलट-सुलट सारखीच दिसते. नक्षीतील प्रत्येक रंगाचा आडवा धागा आपल्या जागेपुरताच विणून शेजारच्या धाग्यात गुंतविलेला असतो, त्यामुळे मागील बाजूस सुटे धागे लोंबत नाहीत. गोदाकाठच्या पैठणने या वस्त्रास नाव दिले; आज मात्र त्याचे बरेचसे माग नाशिक जिल्ह्यातील येवल्यास चालतात. आमची पैठणी आमच्या मातोश्रींच्या लग्नातली. त्यांनी ती थोरल्या सुनेस, म्हणजे आमच्या वहिनींस, दिली आणि वहिनींनी ती बत्तीस वर्षे जिवापाड जपली. वर्षातून एकदा ती सावलीत वाऱ्यावर टाकावयाची, एकाच जागी मोडून जर तुटू नये म्हणून घड्या बदलावयाच्या, आणि जुन्या मऊ धोतराच्या फडक्यात गुंडाळून पुन्हा कपाटात ठेवावयाची, हा क्रम कधी चुकला नाही. ती नेसावयास मागण्याचे धाडस घरात कोणी केले नव्हते. म्हणून नव्या सूनबाईच्या पहिल्या मंगळागौरीस वहिनींनी ती आपण होऊन बाहेर काढली, तेव्हा सर्वांसच नवल वाटले. बाहेरून आलेल्या मुलीस घराने आपली म्हटल्याची ती खूण होती.

श्रावणातील मंगळवार होता. पूजा आटोपली आणि वसोळ्या पंक्तीस बसल्या. त्या दिवशी त्यांनी मुक्याने जेवावयाचे असते, हे वाचकभगिनींस सांगावयास नकोच. वाढणाऱ्यांत घरातलीच एक दहा-अकरा वर्षांची मुलगी होती. तिच्या हातातील आमटीचे भांडे कलंडले आणि सूनबाईच्या निऱ्यांवर तळहाताएवढा पिवळा डाग पडला. दुसरी एखादी असती तर 'अगबाई!' म्हणून किंचाळली असती. हिला तेही करता येईना, कारण मौन मोडावयाचे नव्हते. तिने डाव्या हाताने पदर त्या जागेवर ओढून घेतला आणि मान खाली घालून पानावरचे सारे संपविले.

आम्ही ओसरीवर वर्तमानपत्र वाचीत बसलो होतो. जेवण होताच ती हात धुऊन बाहेर आली आणि हळूच म्हणाली, "काका, आमटी सांडली. हळदीचा डाग आहे. काय लावू?"

तिने आम्हांसच का विचारले, याचे कारण उघड आहे. घरात आम्ही चार पुस्तके वाचलेले म्हणून गणले जातो, आणि कोणत्याही विषयावर तत्काळ मत देण्याची आमची ख्याती आहे. वर्तमानपत्रातून डोके वर न काढता आम्ही सांगितले, "साबण लाव. आणि लगेच लाव. ताजा आहे तोवरच निघतो."

या उपदेशाचा उत्तरार्ध शास्त्रशुद्ध आहे. डाग जुना होऊ देऊ नये, हे सर्वमान्य तत्त्व होय. चूक होती ती पूर्वार्धातील एकाच शब्दाची. पण पैठणीवर परिणाम होतो तो लावलेल्या पदार्थाचा, तत्त्वाचा नव्हे. सूनबाईने मोरीत जाऊन कपडे धुण्याची वडी घेतली आणि डागावर दोन हात मारले. पिवळा डाग तिच्या डोळ्यांदेखत तांबडा झाला. मोतिया रेशमावर रक्त सांडावे तसा तो दिसू लागला. ती घाबरली व अधिक जोराने घासू लागली; तसा डाग अधिक गडद आणि अधिक रुंद झाला. तेवढ्यात वहिनी तेथे आल्या.

"अगं, हे काय केलंस? साबण लावायला तुला सांगितलं कोणी?"

आमच्या मोरीच्या दारातून ओसरी दिसते. सूनबाईने एकदा आमच्याकडे पाहिले. ते आम्हांस दिसले. आणि आम्ही हातातील वर्तमानपत्र थोडे वर उचलले. मग ती म्हणाली, "माझंच चुकलं, आई."

वहिनी संतापी नव्हेत. त्या अधिक काही बोलल्या नाहीत. पण त्यांचे डोळे भरून आले, आणि ते पाहून पाहुण्यांपैकी एका बाईंनी, हल्लीच्या मुलींना जुन्या वस्तूंची किंमत कोठून असणार, असा शेरा मारला. त्या वेळी आम्ही एक वाक्य बोलावयास हवे होते. वाक्य मोठे नव्हते, अवघड नव्हते. त्यास फार तर चार शब्द लागले असते. सूनबाईचे मौन व्रताचे होते आणि ते जेवणाबरोबर संपले होते. आमचे मौन कोणत्याच व्रतात बसणारे नव्हते.

आमच्या आत्याबाई मधल्या खोलीत पडून होत्या. वय ऐंशीच्या पुढे. दृष्टी मंद, कान मात्र तीक्ष्ण. त्यांनी आतून हाक मारली, "काय झालंय ते इकडे आणा पाहू." पैठणी नेऊन दाखविली. त्यांनी ती डोळ्यांजवळ धरली आणि हसल्या. "यात रडण्यासारखं काय आहे? हळद-चुन्याचा लेप कधी पाहिला नाहीत का गं तुम्ही?"

आणि खरोखर, पाहिला कोणी नव्हता? पावसाळा आला की आमच्या अंगणात कोणाचा तरी पाय मुरगळतो. पिवळ्या हळदीत पांढरा चुना कालविला की लेप तांबडालाल होतो, हे घरातील शेंबड्या पोरासही ठाऊक आहे. पण वाटीत रोज पाहिलेली गोष्ट वस्त्रावर दिसली तेव्हा एकासही ती ओळखू आली नाही. आत्याबाई म्हणाल्या, "साबण म्हणजे तरी काय? खारच तो. खार लागला की हळद तांबडी होते. खार काढून टाका, ती मुकाट्यानं परत पिवळी होईल."

पुढील क्रिया त्यांनी बसल्या जागेवरून करविली. डागाची जागा तपेलीच्या तोंडावर अलगद ताणून धरावयास सांगितली आणि वरून गार पाण्याची बारीक धार सोडविली. निम्मा तांबडेपणा त्या पाण्यानेच उतरला. मग अर्धा पेला पाण्यात लिंबाचे चार थेंब पिळून ते पाणी प्रथम नेसताना आत दडणाऱ्या टोकास लावून पाहिले. तेथे रंग सुटत नाही अशी खात्री झाल्यावरच कापसाच्या बोळ्याने डागावर टिपले. पाचएक मिनिटांत तांबड्याचे पुन्हा पिवळे झाले. सभोवती जमलेल्या बायकांना तो चमत्कारच वाटला. लिंबाचा अंश राहू नये म्हणून ती जागा पुन्हा साध्या पाण्याने धुतली. त्यानंतर रिठ्याची साल कोमट पाण्यात कुसकरून, ते पाणी गाळून व निववून घेतले. डागाखाली जुन्या धोतराची घडी ठेविली आणि वरून रिठ्याच्या पाण्याने ओला केलेला बोळा थोपटावयास सांगितले. घासावयाचे नाही, पिळावयाचे नाही. डागाच्या कडेकडून मध्याकडे यावयाचे, म्हणजे तो पसरत नाही. हळद खालच्या धोतरात उतरू लागली, तशी धोतराची घडी बदलीत गेलो. तासाभराने डाग निम्म्याहून कमी राहिला.

उरलेल्या डागावर आत्याबाईंनी औषध सांगितले ते सूर्यनारायणाचे. हळदीचा रंग उन्हापुढे टिकत नाही. परंतु ऊन रेशमासही मानवत नाही. त्याने इतर रंग फिके पडतात आणि धागा दुबळा होतो. म्हणून सारी पैठणी चादरीखाली झाकून केवळ डागाएवढी जागा उघडी ठेवावयाची, आणि सकाळचे कोवळे ऊन तेवढ्यावरच थोडा वेळ पडू द्यावयाचे, असा क्रम आठ-दहा दिवस चालविला. शेवटी एक फिकट पिवळी छाया उरली. सांगितल्यावाचून कोणास दिसणार नाही इतकीच. ती पाहून आत्याबाई म्हणाल्या, "आता पुरे. याच्यापुढे डाग आधी जाईल की कापड, ते सांगता यायचं नाही." कोठे थांबावे हे त्यांना कळत होते. आम्हांस तर कोठे आरंभ करावा हेही कळले नव्हते.

त्यानंतर काही दिवस आम्ही या विषयावरील पुस्तके चाळीत होतो. मनातील खंत वाचनात बुडविण्याची शिकलेल्या माणसांची खोडच असते. हळदीच्या रंगास रसायनशास्त्रात करक्युमिन म्हणतात. 1815 साली फोगेल व पेल्तिए यांनी हळदीतील हे पिवळे द्रव्य प्रथम वेगळे काढले, आणि 1910 साली त्याची रचना निश्चित झाली. हे द्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. तेला-तुपात मात्र सहज उतरते. म्हणून फोडणीच्या तेलाबरोबर ते धाग्यात शिरते आणि साध्या पाण्यास दाद देत नाही. क्षाराचा संपर्क होताच ते तांबूस होते, आणि क्षार गेला की पुन्हा पिवळे. हा गुण इतका भरवशाचा की, हळदीत रंगविलेले कागद क्षार ओळखण्यासाठी प्रयोगशाळांतून पूर्वापार वापरले गेले. वडीचा साबण क्षारधर्मी असतो. रिठ्याच्या सालीतही फेस येतो, पण तो सॅपोनिन नामक द्रव्यामुळे. त्यात साबणासारखा क्षार नाही, म्हणून त्याने हळद तांबडी होत नाही आणि रेशमही दुखावत नाही. आत्याबाईंस यातील एकही नाव ठाऊक नव्हते. पण सिद्धांत सगळा ठाऊक होता.

ही झाली डागाची जात. तिच्याइतकीच वस्त्राची जातही पाहावी लागते. सुताचे कापड हे वनस्पतीच्या धाग्याचे. ते क्षारास भीत नाही. धोबी भट्टीत घालून, खारात उकळून त्यास पांढरे करीत आले, तरी ते वर्षानुवर्षे टिकते. रेशीम व लोकर यांची गोष्ट निराळी. तो प्राण्याच्या शरीरातून निर्माण झालेला धागा आहे. आपले केस व नखे ज्या वर्गातील प्रथिनांची, त्याच वर्गातील तो. किड्याने कातलेल्या कच्च्या रेशमावर सेरिसिन नावाचा डिंक असतो, तो वजनाने सुमारे पाव हिस्सा भरतो. हा डिंक काढण्यासाठी रेशीम साबणाच्या पाण्यात उकळतात, हे खरे. पण तेथे जाणत्या माणसाचे लक्ष असते व धागा कोवळा, नवा असतो. पन्नास-साठ वर्षांच्या जुन्या वस्त्रावर कपडे धुण्याची वडी घासणे म्हणजे म्हाताऱ्या माणसास तालमीत उतरविण्यासारखे आहे. तीव्र क्षाराने रेशमाचे तेज जाते. ओले रेशीम घासले की त्यावर लव उठते, आणि ती जागा पुढे कायमची अंधुक दिसते. आमच्या पैठणीवर आज जी किंचित खूण आहे, तिच्यात हळदीचा भाग थोडा आणि घासण्याचाच अधिक आहे, असे आत्याबाईंचे मत होते.

या बाबतीत आमचे अज्ञान जुनेच आहे, हेही सांगावयास हवे. विद्यार्थिदशेत आमच्या पूजेच्या मुकट्यावर जांभळाचा डाग पडला होता. ब्लीचिंग पावडरीने पांढरी वस्त्रे निर्मळ होतात, असे आम्ही वाचले होते. ते चुकीचे नव्हे. टेनंट नावाच्या गृहस्थाने 1799 साली ग्लासगोत त्या पावडरीचे पेटंट घेतले, तेव्हापासून सुती व तागाच्या कापडाचे महिनोगणती उन्हात वाळवणे संपले. पण सुती व तागाच्या, या दोन शब्दांकडे आम्ही लक्ष दिले नाही. मुकटा रात्रभर भिजवून सकाळी उचलला, तो डागाच्या जागी भोक होते आणि बाकीचे वस्त्र पिवळट, खरबरीत झाले होते. क्लोरीनयुक्त पदार्थ रेशीम व लोकर यांस अक्षरशः खाऊन टाकतात. आमच्या वडिलांनी तो मुकटा हातात घेऊन उजेडाकडे धरला, भोकातून आमच्याकडे पाहिले आणि एवढेच म्हणाले, "डाग मात्र गेला हो!"

वस्त्रागणिक उपाय निराळा, हा विचार पाश्चात्त्य रसायनशास्त्राबरोबर आपल्याकडे आला, असे मात्र कोणी समजू नये. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्रव्यशुद्धीचे प्रकरण आहे. त्यात कौशेय व लोकरी वस्त्रांस ऊष म्हणजे खारी माती, कुतप नावाच्या कांबळ्यांस रिठे, अंशुपट्टास बेलफळ आणि क्षौम वस्त्रांस पांढरी मोहरी, असा वेगवेगळा विधी सांगितला आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायातही अशीच वाटणी आढळते. रेशमास तेथे खारी मातीच सांगितली आहे, तेव्हा आमचा साबणाचा सल्ला सशास्त्र ठरतो, अशी पळवाट काढण्याचा मोह आम्हांस क्षणभर झाला. पण स्मृतिकारांनी ऊष सांगितली ती वस्त्राच्या शुद्धीस. त्या वस्त्रावर आमटी सांडली असता काय करावे, हा प्रश्न त्यांना कोणी विचारलेला दिसत नाही. आणि विचारला असता, तर त्यांनी निदान मान वर करून डागाकडे पाहिले असते.

पाहणे हाच या विद्येचा पहिला धडा आहे. रक्ताचा डाग गार पाण्यानेच धुवावा लागतो. त्यावर ऊन पाणी पडले की त्यातील प्रथिने गोठून धाग्यास चिकटतात आणि जाणारा डाग पक्का होतो. तुपाच्या डागास पाण्याचा स्पर्शही प्रथम नको. त्यावर शंखजिऱ्याची किंवा खडूची बारीक पूड पसरून काही तास राहू द्यावी, तूप पुडीत शोषले जाते, मग ती मऊ कुंचल्याने झटकावी. चहाचा डाग तुरट द्रव्याचा. त्यावर वडीचा साबण लावला तर तो अधिकच बसतो. गार पाण्याने लगोलग टिपून, पुष्कळ पाण्यात घातलेल्या शिरक्याच्या थेंबांनी तो हलका करता येतो. लोखंडाचा गंज सुती कापडावरून लिंबू-मिठाने निघतो. पण तोच उपाय जरीजवळ करू नये. केळीच्या चिकाचा डाग पडताना पाण्यासारखा असतो आणि मागाहून काळपट तपकिरी होतो; तो एकदा वाळला की त्याच्याशी बहुधा तह करून राहावे लागते. कोणताही उपाय प्रथम आत दडणाऱ्या कोपऱ्यावर करून पाहावा, आणि ज्या डागाची जात कळत नाही त्यास काहीच न लावता वरचेवर टिपून जाणत्या माणसाकडे न्यावे. काहीच न लावणे हाही एक उपाय आहे, हे घाईत असलेल्या माणसास पटत नाही.

सगळेच डाग घालवावयाचे असतात असेही नाही. बिब्ब्याचा रस कापडास लागला की तो काळा पडतो आणि चुन्याने अधिकच पक्का होतो. भट्टीतही तो निघत नाही. म्हणूनच आमचे धोबी घरोघरच्या कपड्यांवर बिब्ब्यानेच खुणा घालीत. इंग्रजीत बिब्ब्यास 'मार्किंग नट' म्हणतात, आणि त्याच्या सेमेकार्पस या शास्त्रीय नावाचा ग्रीक अर्थही 'खुणेचे फळ' असाच आहे. शंभर घरांच्या कपड्यांतून आपले धोतर आपल्याच घरी परत आले, ते त्या कोपऱ्यातील डागामुळे. आमच्या आजोबांचे एक उपरणे अद्याप ट्रंकेत आहे. त्यावरील ठिपके पाहून त्या धोब्याची आठवण निघते.

आता पाण्यावाचून धुण्याची सोय सर्व शहरांत झाली आहे, आणि पैठणी-शालूंस तीच अधिक मानवते. तिच्या जन्माची एक आख्यायिका सांगतात. एकोणिसाव्या शतकात पॅरिस येथे जॉली नावाच्या व्यावसायिकाच्या घरी मोलकरणीच्या हातून दिव्यातील इंधन टेबलावरील आच्छादनावर सांडले. वाळल्यावर पाहतात तो तेवढीच जागा इतर भागाहून स्वच्छ दिसू लागली, आणि त्यावरून त्याने हा धंदा काढला. आख्यायिका कितपत खरी ते असो. आम्हांस तीत एक गोष्ट फार आवडते. मोलकरणीस रागे भरण्यापूर्वी त्या गृहस्थाने आच्छादनाकडे नीट पाहिले असले पाहिजे. आमटी सांडली त्या दिवशी सूनबाईने पैठणी तशीच टिपून, वाळवून अशा दुकानात पाठविली असती आणि डाग हळदीचा व तेलाचा आहे एवढे सांगितले असते, तर बहुधा पुढचे रामायण घडले नसते. तिने तसे केले नाही, कारण तिने एका विद्वानास विचारले.

येथवर वाचकांस वाटले असेल की, गोष्ट गोड झाली. पैठणी बरीचशी वाचली, आत्याबाईंची विद्या प्रकट झाली, आम्हांस चार पुस्तके वाचावयास मिळाली. आमचीही तशीच समजूत होती. पण हळूहळू आमच्या ध्यानात आले की, सूनबाई आता आम्हांस काहीच विचारीत नाही. पूर्वी ती येता-जाता एखाद्या शब्दाचा अर्थ विचारी, वर्तमानपत्रात काय आले म्हणून विचारी. आता ती ओसरीवर चहा ठेवून निघून जाई. वागण्यात उणे काही नव्हते, आणि तेच खटकत होते.

दिवाळीच्या आधी कपाटे आवरणे निघाले. वहिनींनी पेटीतील शालू काढला आणि सूनबाईस म्हणाल्या, "हा जरा वाऱ्यावर टाक गं." ती दोन पावले मागे सरली. "माझ्या हातून नको, आई," एवढेच म्हणाली.

आम्ही तेथेच खुर्चीवर होतो. योगायोग असा की, हातात डागांवरीलच पुस्तक होते. हळदीचा डाग दहा दिवसांत उतरला; मोरीच्या दारात आम्ही जो पडू दिला, तो तीन महिने तसाच होता, आणि तो त्या मुलीने एकटीने वागविला होता. मंगळागौरीच्या दिवशी साबण लावावयास आम्हीच सांगितले होते, हे आम्ही त्या वेळी वहिनींस सांगितले. ते सांगताना पुस्तक वर उचलले नाही, एवढेच काय ते आमच्या पदरी पुण्य.

वहिनी क्षणभर आमच्याकडे पाहत राहिल्या. "आणि तीन महिने हे मनात ठेवलंत, भाऊजी?" त्या म्हणाल्या. या प्रश्नास उत्तर नव्हते. मग त्या सूनबाईकडे वळल्या. "आणि तू गं? तू का नाही बोललीस?"

सूनबाईने शालूकडे पाहत सांगितले, "काका बोलतील, असं वाटलं होतं."

इतक्या वर्षांत आमच्या लेखनावर, मतांवर पुष्कळ टीका झाली. पण या पाच शब्दांइतकी कोणतीच लागली नाही. तीत राग असता तर बरे झाले असते. वहिनी उठल्या, कपाटातून फडक्यात गुंडाळलेली पैठणी आणली आणि सूनबाईच्या हातात दिली. "घड्या या वर्षीपासून तू बदल. कशा बदलायच्या ते दाखवते," म्हणाल्या. दोघी चटईवर बसल्या. पैठणी उलगडली तेव्हा ती फिकट छाया त्यांना दिसली असेलच. पण तिच्याविषयी कोणी बोलले नाही.

आत्याबाई त्या पौषात गेल्या. रिठ्याचा डबा त्यांच्या जागी आता सूनबाईच्या फळीवर असतो. आमचे आणि तिचे बोलणे पूर्वीसारखे व्हावयास बरेच दिवस लागले; अशा गोष्टी चार थेंब लिंबाने पाच मिनिटांत उतरत नाहीत. मागील महिन्यात एके सकाळी आम्ही ओसरीवर वाचीत बसलो असता ती आतून आली. "काका," ती म्हणाली, "आईंच्या शालीवर चहा सांडलाय. काय लावू?"

आम्ही वर्तमानपत्र खाली ठेवले.

"आधी दाखव पाहू," आम्ही म्हणालो.